सापाला माइट्स झाले तर काय करायचं: पहिल्या दिवसापासून सहाव्या आठवड्यापर्यंत

तुमचा साप दोन-दोन दिवस पाण्याच्या भांड्यातून बाहेर येत नसेल, तर आधी त्याच्या हनुवटीखाली बघा. मी बघितलं नव्हतं. माझी बॉल पायथन (पाळली जाणारी अजगराची लहान जात) भांड्यात वेटोळं घालून बसली होती. तिला उकडत असेल असं समजून मी हीट मॅटचं, म्हणजे पेटीला ऊब देणाऱ्या विजेच्या चटईचं, तापमान कमी केलं. चौथ्या दिवशी भांडं घासायला घेतलं, तर तळाशी मिरीपूड सांडल्यासारखे बारीक काळे कण दिसले. एक कण कागदावर ठेवून नखाने चिरडला तर लाल डाग उमटला. ते तिचंच रक्त होतं. ते कण म्हणजे माइट्स, सापाचं रक्त पिणारे गोचिडीसारखे बारीक जीव.

त्या दिवशी मी घाबरून सगळी पेटी धुतली, तिला अंघोळ घातली, नवा कागद अंथरला आणि प्रश्न सुटला असं धरून चालले. बाराव्या दिवशी तिच्या डोळ्याच्या कडेला पुन्हा तीन काळे ठिपके होते. पेटी मी नीट घासली होती, पण थर्मामीटर चिकटवलेला स्टिकर तेवढा काढला नव्हता. त्याच्या मागे, काचेला चिकटून, त्यांची पुढची पिढी तयार झाली होती. हा लेख त्या बारा दिवसांमुळे लिहिते आहे. एकदा धुऊन माइट्स जात नाहीत. ते का जात नाहीत हे कळलं की पुढचं सगळं काम सोपं नसलं तरी सरळ होतं.

हा जीव राहतो कुठे

सापांवर सर्वांत जास्त आढळणारा माइट म्हणजे ऑफिओनिसस नॅट्रिसिस. हा कोळ्याच्या आणि गोचिडीच्या नात्यातला. भुकेला असताना पिवळट तपकिरी, रक्त प्यायला की काळपट लाल. प्रौढ मादीची लांबी एक मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी दिसेल एवढी. पण पिल्लं इतकी फिकट आणि बारीक असतात की भिंगाशिवाय दिसत नाहीत.

अंड्यापासून प्रौढ होईपर्यंत त्याच्या पाच अवस्था आहेत: अंडं, सहा पायांचं पिल्लू, मग आठ पायांच्या पिल्लाच्या दोन अवस्था आणि शेवटी प्रौढ. यातल्या दोनच अवस्था रक्त पितात, आठ पायांच्या पिल्लाची पहिली आणि प्रौढ. बाकीचा काळ माइट सापावर नसतोच. पोट भरलेली मादी सापावरून उतरते, अंधारी ओलसर फट शोधते आणि तिथे अंडी घालते. आयुष्यभरात ६० ते ८० अंडी. उबदार आणि दमट जागेत ती एक ते चार दिवसांत फुटतात, आणि पुढचं सगळं चक्र दोन-अडीच आठवड्यांत पूर्ण होतं. शिवाय मादीला नराची गाठ पडली नाही तरी ती अंडी घालू शकते. त्या अंड्यांतून फक्त नर निघतात. म्हणजे एक मादी मागे राहिली तरी पुरे.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. सापावर दिसतात त्यापेक्षा पेटीत लपलेले जास्त असतात. आणि अंड्यांवर बहुतेक औषधांचा भरवशाचा परिणाम होत नाही, त्यामुळे आज राहिलेलं अंडं उद्या-परवा फुटणार हे गृहीत धरूनच दिवस मोजायचे.

१. आधी खात्री करा

पेटीत फिरणारा प्रत्येक बारीक किडा सापाचं रक्त पीत नाही. ओलसर लाकूड, साल किंवा जुनी विष्ठा पेटीत असेल तर पांढुरके, हळू चालणारे माइट्स होतात. ते बुरशी आणि कुजलेलं खातात. ते लाकडावर आणि काचेवर दिसतात, सापाच्या खवल्यांखाली शिरत नाहीत. पेटी कोरडी आणि स्वच्छ केली की जातात. त्यांच्यासाठी सापावर औषध मारू नका.

रक्त पिणारे ओळखायचे असतील तर या जागा बघा:

- डोळ्याची कड. सापाला पापणी नसते, डोळ्यावर पारदर्शक खवल्याचं झाकण असतं. त्याच्या भोवतीच्या खाचेत ते दाटीने बसतात आणि कड फुगल्यासारखी दिसते.
- हनुवटीखालची उभी घडी.
- अजगरांच्या ओठांवरचे उष्णता ओळखणारे खड्डे.
- शेपटीच्या मुळाशी, मलद्वाराच्या आडव्या चिरेजवळ.
- अंगावर जिथे खवला किंचित उचललेला दिसेल तिथे.

ओला पांढरा टिश्यू घ्या, सापाच्या अंगावरून मानेपासून शेपटीकडे एकदा सावकाश फिरवा आणि उजेडात धरा. काळे ठिपके चालायला लागले तर शंका उरत नाही. खवल्यांवर राखेसारखे पांढरे ठिपके दिसत असतील तर ती त्यांची विष्ठा. एखादा माइट पारदर्शक चिकटपट्टीवर चिकटवून ठेवा. डॉक्टरांना दाखवायला उपयोगी पडतो.

भांड्यात बसून राहणं हे एकटं लक्षण पुरेसं नाही. कात टाकण्याआधीही साप पाण्यात बसतात, आणि खरंच उकडत असेल तरीही. म्हणून आधी टिश्यू फिरवा, मग निष्कर्ष काढा.

२. सामान आधी जमवा

मध्येच काहीतरी आणायला उठावं लागलं तर हातांवरून माइट्स घरभर जातात. हे सगळं जवळ घेऊनच सुरुवात करा:

- झाकणाचा, बाजूंना बारीक भोकं असलेला साधा प्लास्टिकचा टब
- पांढरे टिश्यू किंवा कोरे कागद, भरपूर
- कागदी खोके किंवा उपडी घालायची प्लास्टिकची वाटी (लपायला)
- पाण्याचं तापमान मोजायला थर्मामीटर
- भिंग आणि टॉर्च
- फटीत जाणारं तोंड असलेला व्हॅक्यूम क्लीनर
- जुना टूथब्रश, कापूस लावलेल्या काड्या, मऊ फडकी
- घट्ट बांधता येतील अशा कचऱ्याच्या पिशव्या
- पेट्रोलियम जेली
- वही

वही मी मुद्दाम लिहिते आहे. तिच्याशिवाय तुम्हाला सहाव्या आठवड्यात काहीही आठवणार नाही.

३. साप साध्या टबात हलवा

टबात फक्त तीन गोष्टी: पांढरा कागद, लपायला एक खोकं आणि पाण्याचं भांडं. साल नाही, माती नाही, फांद्या नाहीत, शोभेची पानं नाहीत. पांढऱ्या कागदावर काळा ठिपका लगेच दिसतो, आणि माइटला अंडी घालायला फट सापडत नाही. कागद रोज बदला. काढलेला कागद तिथेच पिशवीत घालून गाठ मारा आणि लगेच घराबाहेर टाका. कागदी खोकं दर दोन-तीन दिवसांनी नवं.

टबाच्या तोंडाशी आतून बोटभर रुंद पेट्रोलियम जेलीचा पट्टा फिरवला तर वर चढणारे माइट्स अडकतात. अर्थात साप तिथवर डोकं घासत नसेल तरच.

ऊब मात्र आधीसारखीच हवी. माइट्स झालेला साप आधीच थकलेला असतो, त्यात त्याला थंड जागेत ठेवलं तर तो जेवतही नाही आणि बरा होत नाही. हीट मॅट थर्मोस्टॅटशिवाय (तापमान ठरावीक ठेवणाऱ्या उपकरणाशिवाय) लावू नका. प्लास्टिकचा टब काचेपेक्षा वेगळा तापतो, म्हणून साप आत ठेवण्याआधी तापमान पुन्हा मोजा.

घरात दुसरे साप किंवा सरडे असतील तर त्यांनाही झालेत असंच समजा. आजारी सापाचं काम दिवसाच्या शेवटी करा, नंतर हात कोपरापर्यंत धुवा आणि कपडे बदला.

४. कोमट पाण्याची अंघोळ

पाणी २८ ते ३० अंश सेल्सिअस. हाताला ते ना गरम लागतं ना गार, पण अंदाजावर जाऊ नका, मोजा. खोली सापाच्या शरीराच्या जाडीइतकीच, म्हणजे त्याला पोहत राहावं न लागता डोकं आरामात वर ठेवता आलं पाहिजे. १५ ते २० मिनिटं. तेवढा वेळ तिथून हलायचं नाही. फोन आला तरी नाही.

अंघोळीने बरेच माइट्स बुडतात, पण काही वर सरकत डोक्याकडे जातात, कारण कोरडी जागा तेवढीच उरते. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा अंगावर शहारा आला: तिच्या मानेवरून काळे ठिपके ओळीने नाकाकडे चालले होते. तेव्हा ओल्या मऊ फडक्याने डोकं हलक्या हाताने पुसत राहा. डोळ्याच्या कडेचे माइट्स ओल्या कापसाच्या काडीने टिपा, उचकटू नका. चिमटा तर अजिबात वापरू नका, कारण डोळ्यावरच्या खवल्याला इजा झाली तर ती माइट्सपेक्षा मोठी आफत आहे.

नंतर सापाला कोरड्या फडक्याच्या सैल मुठीतून स्वतःहून सरकू द्या. फडकं उकळत्या पाण्यात टाका.

साप जेवला असेल तर निदान दोन दिवस अंघोळ नको, पोटातलं ओकून टाकेल. अगदी लहान किंवा अशक्त सापाला अंघोळ घालण्याआधी डॉक्टरांना विचारा.

अंघोळीने ओझं कमी होतं, रोग जात नाही. रोज घालण्याची गरज नाही, सापाला त्याचाही ताण येतो. मी आठवड्यातून दोनदा घालत होते.

५. सापाचे डॉक्टर गाठा

कुत्र्यामांजरांचे सगळेच डॉक्टर साप बघत नाहीत. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव आहे का, हे फोनवर आधीच विचारा. जाताना साप कापडी पिशवीत, पिशवी डब्यात. सोबत न्यायचं: चिकटपट्टीवरचा माइट, सापाचं आजचं वजन, शेवटचं जेवण आणि शेवटची कात कधी, घरात आणखी कोणते प्राणी आहेत याची यादी, आणि आतापर्यंत काही फवारलं असेल तर त्या बाटलीच्या लेबलचा फोटो. लाजू नका, चुकीचं काही वापरलं असेल तर तेच सगळ्यांत आधी सांगा.

डॉक्टर साधारण कोणते उपाय सुचवतात हे माहीत असलेलं बरं.

फिप्रोनिल: कुत्र्यामांजरांच्या पिसवांसाठी मिळणारा स्प्रे. सापावर थेट फवारत नाहीत, फडक्यावर घेऊन अंगावरून पुसतात, डोळे आणि तोंड सोडून. त्यात अल्कोहोल असतं, लहान सापाला ते फार होऊ शकतं. किती, किती वेळाने धुवायचं आणि पुन्हा कधी, हे डॉक्टरच ठरवतील. घरात ससा असेल तर त्याच्या आसपासही हे नको.

आयव्हरमेक्टिन: परजीवी मारणारं औषध. वजनावर मोजून देतात आणि पुन्हा द्यावं लागतं. डोस थोडा जरी चुकला तरी मज्जासंस्थेवर परिणाम होतो. काही जातींना, उदाहरणार्थ इंडिगो स्नेकला, ते चालत नाही. कासवांना तर ते जीवघेणं आहे. ज्यांच्याकडे साप आणि कासव दोन्ही आहेत त्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. गुरांसाठीचं औषध पाण्यात मिसळून घरच्या घरी फवारण्याचे सल्ले तुम्हाला मिळतील. ऐकू नका.

परमेथ्रिन: हे कीटकनाशक मुख्यतः रिकाम्या पेटीसाठी. साप बाहेर, पाण्याचं भांडं बाहेर, फवारा, मग पूर्ण वाळू द्या, वास जाईपर्यंत हवा खेळू द्या, त्यानंतरच साप आत. ओल्या परमेथ्रिनवर साप ठेवला तर तो थरथरायला लागतो, त्याला उलटं पडल्यावर सुलटं होता येत नाही. असं काही दिसलं तर वाट न बघता डॉक्टरांकडे पळा. मांजरांना परमेथ्रिन विषारी आहे, माशांना अतिशय विषारी. फिशटँक असलेल्या खोलीत फवारू नका.

माइट्स खाणारे माइट्स: चेयलेटस आणि स्ट्रॅटिओलेलॅप्स या जातींचे भक्षक माइट्स सोडता येतात. ते सापाला चावत नाहीत. थोडाच प्रादुर्भाव असेल किंवा नंतर राखण म्हणून मला हा उपाय मनापासून आवडतो. मात्र पेटीत आधी कीटकनाशक मारलं असेल तर हे बिचारे आधी मरतात. दोन्हींपैकी एकच रस्ता धरा.

साप सुस्त आहे, तोंडाचं अस्तर फिकट पडलंय, तोंडात फेस किंवा पू आहे, श्वासाला आवाज येतोय, असं असेल तर अंघोळीत वेळ न घालवता त्याच दिवशी जा. लहान सापाचं रक्त बघता बघता कमी होतं. शिवाय हे माइट्स एरोमोनास जातीचे जीवाणू एका सापाकडून दुसऱ्याकडे नेऊ शकतात.

६. पेटीचं काम

लढाई खरं तर इथेच आहे. घाई करणार असाल तर दुसऱ्या दिवशी करा, पण अर्धवट करू नका.

तळाचा सगळा थर पिशवीत भरून फेका. साल, कॉर्क, सच्छिद्र फांद्या यांच्याबद्दल जीव तुटतो हे मला माहीत आहे, तरी फेका. त्यांच्या आतल्या भेगांपर्यंत पाणी किंवा औषध पोचेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. प्लास्टिक आणि चिनी मातीच्या वस्तू ५५ अंशांहून गरम पाण्यात बुडवा. तेवढ्या उष्णतेत माइट्स टिकत नाहीत. त्यापुढे ब्रश.

मग रिकामी पेटी. आधी व्हॅक्यूम, मग गरम साबणपाणी, मग पुसून कोरडी. हात न पोचणाऱ्या या जागा एकेक करून घ्या:

सरकत्या काचेची खाच. काच पूर्ण बाहेर काढा, टूथब्रश आडवा धरून खाच घासा. कोपऱ्यातल्या सिलिकॉनची सुटलेली कड. हीट मॅट आणि पेटीच्या तळामधली जागा. झाकणाच्या जाळीची दुमडलेली पट्टी. स्क्रूची डोकी. वायर आत येते ते भोक. आणि थर्मामीटरचा स्टिकर. तो उपटा, परत चिकटवू नका, नंतर नवा लावा.

काचेवर उकळतं पाणी एकदम ओतू नका, तडकते. लाकडी पेटीचे सांधे पाण्याने फुगतात, त्यामुळे तिथे व्हॅक्यूम आणि डॉक्टरांनी सांगितलेलं औषध, आणि सगळं वाळल्यावर सांध्यांना सीलंट.

व्हॅक्यूमची पिशवी लगेच काढून, बांधून, घराबाहेर. आत राहिली तर माइट्स चालत परत येतात. पेटी ठेवलेलं शेल्फ, त्यामागची भिंत आणि जमिनीची कडही व्हॅक्यूम करा. खोलीभर धूर करणारी कीटकनाशकं आणि टांगायच्या कीटकनाशक पट्ट्या नकोत, बंद पेटीत त्यांची वाफ साचते आणि ती सापाच्या फुफ्फुसात जाते.

स्वच्छ झालेली पेटी रिकामीच ठेवा. अन्नाशिवाय पिल्लं महिनाभर तग धरू शकतात, त्यामुळे आठवडाभर रिकामी ठेवून काही साधत नाही.

७. घरगुती उपायांबद्दल

ऑलिव्ह तेल चोळलं की माइट्स गुदमरतात हे खरं. पण तेलकट सापाला नीट धरता येत नाही, कागद अंगाला चिकटतो आणि नाकपुड्या बुजू शकतात. डोळ्याच्या कडेला काडीने किंचित लावण्यापलीकडे मी जाणार नाही, आणि तेही डॉक्टर हो म्हणाले तर. डायटोमेशियस अर्थची (सूक्ष्म शैवालांच्या जुन्या कवचांपासून बनलेल्या मातीची) भुकटी कोरडी असेल तरच चालते आणि तिची धूळ सापाच्या श्वासात जाते. कुत्र्याचा पिसवांचा पट्टा पेटीत ठेवणं, कडुनिंबाचं तेल, कापूर, निलगिरी यांतलं काहीही बंद पेटीत नको. सापाला एवढ्याशा जागेत उग्र वासापासून पळायला वाट नसते.

८. वहीतलं वेळापत्रक

माझं दुसऱ्या खेपेचं वेळापत्रक असं होतं, डॉक्टरांशी ठरवून केलेलं. रोज: कागद बदलणं, पाण्याच्या भांड्याचा तळ बघणं, सापडलेले माइट्स मोजून लिहिणं. आठवड्यातून दोनदा: अंघोळ, भिंगातून डोळे आणि हनुवटी. दर आठवड्याला टब आणि रिकामी पेटी दोन्ही पुन्हा गरम पाण्याने. औषध डॉक्टरांनी दिलेल्या तारखांनाच, मधे एकही जास्तीची मात्रा नाही.

वहीतले आकडे ४१, १७, ९, २, ०, ० असे उतरले आणि मग अकराव्या दिवशी अचानक ६. मी खचले होते. डॉक्टर म्हणाले, ही फुटलेली अंडी आहेत, हे व्हायचंच होतं. म्हणूनच शून्य दिसलं की थांबायचं नाही. शेवटचा माइट ज्या दिवशी दिसला तिथून पुढे सहा आठवडे मोजायचे. मधे पुन्हा एक दिसला तर मोजणी पहिल्यापासून.

या काळात साप कात टाकेल. पडलेली कात लगेच उचला, तिच्यासोबत बरेच माइट्स निघतात. फेकण्याआधी उजेडात धरून डोळ्यांवरची झाकणं कातीत आलीत का बघा. माइट्समुळे ती अडकून राहतात. राहिली असतील तर खरवडू नका, डॉक्टरांना दाखवा.

जेवण बंद झालं तर पहिले काही आठवडे जबरदस्ती करू नका, वजन मात्र दर आठवड्याला लिहा.

तुमच्या मनगटावर, कपड्यांखाली लाल खाजरे पुरळ आले तर ते या माइट्सच्या चाव्याचे असू शकतात. माणसावर ते वस्ती करत नाहीत, पण अंघोळ करा, कपडे गरम पाण्यात धुवा.

९. पेटीत परत नेणं, आणि पुढचा नवा साप

सहा आठवडे पूर्ण झाले की पेटीत आधी कागद आणि एक प्लास्टिकचं लपण एवढंच ठेवा. पंधरा दिवस गेले, टिश्यू स्वच्छ आला, मग तळाचा थर. फांद्या त्यानंतर.

माइट्स आपोआप होत नाहीत, ते येतात. नव्या सापासोबत, दुसऱ्याच्या वापरलेल्या पेटीसोबत, सापांशेजारी ठेवलेल्या सालीच्या पोत्यातून, किंवा दुसऱ्याचा साप हाताळून घरी आलेल्या तुमच्या बाहीवरून. नवा साप कुठूनही येवो, दोन ते तीन महिने वेगळ्या खोलीत, पांढऱ्या कागदावर. त्याचा चिमटा वेगळा, भांडं वेगळं. वापरलेली पेटी आणली तर सहाव्या पायरीतलं सगळं काम करूनच घरात घ्या, समोरचा कितीही विश्वासाचा असला तरी. साल किंवा माती विकत आणली की वापरण्याआधी काही दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवा, मग बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या.

मी अजूनही दर रविवारी ओला टिश्यू तिच्या अंगावरून फिरवते. तिला सवय झाली आहे. हनुवटीकडे हात गेला की ती डोकं थोडं वर उचलते.